विमान उतरायच्या आधी झाडलेलं घर

माझी मोठी जाऊ केसरबाई कोणाच्या बापाला भीत नाही. संत्र्याचा व्यापारी बगीच्यात येऊन वाकडं बोलला, तर ही त्याला चहा न पाजता फाटकाबाहेर काढते. पण घरचं माणूस गावाला निघालं की वाघाची शेळी होते. ते पोहचत नाही तोवर घरात झाडू लावत नाही. निघालेल्याच्या मागं झाडलं की त्याचं वाईट होते, असं तिच्या आईनं सांगितलं अन् हिनं गाठ बांधून ठेवली.

मोहगावहून नागपूरला कोणी गेलं तर ठीक, दोन घंट्यांत फोन येते. पण या खेपेला तिची पोरगी अमिता नर्सच्या नोकरीवर निघाली टोरंटोला! दिल्लीहून पहाटे तीनचं विमान, अन् तिकिटावर पोहचायची वेळ साडेआठ. बाईनं बोटांवर मोजलं, साडेपाच घंटे. "इतका वेळ तर पांढुर्ण्याहून भोपाळला लागते," म्हणे.

सकाळी साडेआठला बाईनं देवाला हात जोडले, झाडू घेतला अन् ओसरीपासून चुलीपर्यंत घर लख्ख करून कचरा उकिरड्यावर टाकला. मग फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नऊ वाजता धावत आमच्याकडं आली. आमच्या ह्यांनी तिकीट पाहून कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे साडेआठ तिथले आहेत. तेव्हा आपल्याकडं सायंकाळचे सहा वाजतात. साडेअकरा हजार किलोमीटर आहे, पंधरा घंटे लागतात! पोरगी अजून आभाळातच आहे."

"अरे देवा! मी तर झाडून टाकलं ना!" बाई मटकन खाली बसली.

"काहीही काय बाई! इथल्या झाडूनं तिथलं विमान पडते का?" मी म्हटलं. पण ऐकते कोण! मन चिंती ते वैरी न चिंती. उठली, तडक उकिरड्यावर गेली, टोपलंभर कचरा उचलून आणला अन् घरभर पसरला. संत्र्याची सालं, चुलीची राख, सगळं जिथल्या तिथं. मला हसू आवरेना. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं अन् माझी मलाच लाज वाटली. मी पण एक मूठ उचलून दारात टाकली. काय करता!

दिवसभर आम्ही दोघी त्या कचऱ्यात बसून राहिलो. बाईनं अन्नाला हात नाही लावला. सहा वाजले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले. फोन नाही. आता माझाही हात घडीघडी फोनकडं जाऊ लागला.

पावणेसातला फोन वाजला. "आई, पोहचली गं! इथं मोठी लाइन होती. तू काय करून राहिली?"

"काही नाही, बसून राहिली," बाई म्हणाली अन् ढसाढसा रडली. "पंधरा घंटे! लय दूर गेली गं माय तू."

"हाव, पण येतांनी दीड घंटा कमी लागते, आई. वारा मागून ढकलते ना विमानाला."

बाईनं फोन ठेवला, पदरानं नाक पुसलं अन् सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"ऐकलं का चंद्रकला? वारा आपल्या बाजूनं आहे."