वाटीतली साखर

आज जिन्यात मासे तळल्याचा वास आला आणि कर्वेनगरचं जुनं घर आठवलं. धरणावर माझ्या गळाला पहिल्यांदाच भलामोठा कटला लागला होता. आईने रस्सा केला आणि मी ऐटीत शेजाऱ्यांकडे वाट्या पोचवल्या.

समोरच्या काकांनी दारातच रश्श्यात बोट बुडवून चाखलं. "वा, शिकारी झालास की!" संध्याकाळी आमची वाटी परत आली, रिकामी देऊ नये म्हणून साखर घातलेली.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच काका उठले. "अहो, यांच्या मासळीच्या वासाने आमच्या घशाखाली घास उतरत नाही. बंद करा हे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा त्या साखरेत मला माया दिसली होती. आता कळतं, काका फक्त परतफेड करून मोकळे झाले होते. आणि आम्ही मूर्ख, त्या साखरेचा चहा त्यांचं कौतुक करत प्यायलो होतो.