शेवटचा वेढा ताणायचा नाही

वाघजाईच्या देवळासमोर, वाऱ्याने उडणारा डोक्यावरचा पदर एका हाताने धरून, कळसाकडे टक लावून पाहणाऱ्या मुलाणीबाई मला पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा कुणी नवस बोलायला आले आहे असे मला वाटले. मी वडिलांना हाक मारली. आम्ही गुरव. देवीची पूजा तेव्हा वडिलांकडे होती. आमचे देऊळ वेल्ह्याच्या बाजूला, राजगडासमोरच्या एका सोंडेवर आहे, आणि एसटीच्या थांब्यापासून वर यायला चांगलीच चढण आहे. बाई ती एकट्या चढून आल्या होत्या.

"कोण गावच्या?" वडिलांनी विचारले.

"भोरच्या. शाळेत शिकवते. मामा, हितं एक खांब उभा करायचाय. रेडिओचा."

"भोर एवढं मोठं गाव. तितं सोडून हितं डोंगरात कशापायी?"

"भोर खोलगटात हाय. तुमची देवी उंचावर बसलीया. तिला सगळ्या वाड्या दिसत्यात."

वडील हसले. "देवीला दिसत्यात, खरं हाय. पण कळसाच्या वर जाणार का त्यो खांब?"

बाईंनी पुन्हा एकदा कळसाकडे पाहिले, मग उताराकडे पाहिले, आणि चार पावले खाली जाऊन एका कातळावर उभ्या राहिल्या. "हितनं लावला तर न्हाई जाणार," त्या म्हणाल्या. पुढे त्यांच्या बरोबरच्या एका जाणकाराने सांगून पाहिले, की खांब वर घेतला तर आवाज अजून लांब जाईल. बाई म्हणाल्या, "आवाज लांब जाईल आणि आपण गावातनं जाऊ. हितंच ठीक आहे." खांब आजही त्या कातळावर आहे आणि त्याचे टोक कळसाच्या खाली आहे.

आदरणीय रशीदा मुलाणीबाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला, तेव्हा मला संकोच वाटला. बाईंच्या विद्यार्थिनी आज डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. मी वाडीतल्या शाळेत शिकलेला माणूस. पण बाईंच्या आयुष्याचा एक भाग फक्त आमच्या डोंगराने पाहिला आहे, आणि तो सांगायला डोंगराच्या वतीने कुणीतरी हवे.

भोरच्या बाजारपेठेत बाईंच्या वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता बाईंनी सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला. आमच्या देवळाजवळचे, बॅटरीवर चालणारे त्यांचे यंत्र हे एक मध्यस्थ आहे. एका खोऱ्यातून हातातल्या लहान संचावर कुणी बोलले, की ते बोलणे अँटेनाने घ्यायचे आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पोचवायचे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की मोबाईलही मुका होतो. अशा वेळी वाड्यांनी एकमेकींना हाक मारायची ती या खांबावरून. त्यासाठी बाईंनी रीतसर परवानगी काढली, मंडळ उभे केले आणि वाडीवाडीतून माणसे शोधून त्यांना परीक्षेला बसवले. मी त्यांतलाच एक. आकडेमोडीला मी घाबरत होतो. बाई रविवारी भोरहून येत, देवळाच्या पारावर बसून मला शिकवत. नैवेद्याची वेळ झाली की त्या आपणहून थांबत. त्यांच्या नमाजाची वेळ झाली की माझे वडील पाराच्या कोपऱ्यात घोंगडी अंथरून ठेवत. याबद्दल कधी कुणी काही बोलले नाही, बोलण्यासारखे त्यात काही आहे असे आम्हाला वाटलेही नाही.

बाईंना सगळ्यात जास्त काळजी असे ती जोडाची. खांबाच्या टोकाशी केबल जिथे अँटेनाला मिळते, तिथे एक पितळी कनेक्टर असतो. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. त्या कनेक्टरमध्ये एकदा ओल शिरली, की वातीने तेल ओढावे तशी केबलच्या पोटातली तांब्याची जाळी ते पाणी ओढून घेते. बाहेरून काही दिसत नाही. आतले तांबे मात्र हिरवे पडत जाते, आणि एक दिवस आवाज बंद होतो.

तो जोड कसा गुंडाळावा हे बाईंनी आम्हाला शिकवले, ते आमच्याच घराचा दाखला देऊन. "शंकरराव, घर शाकारताना कौलं कुठनं लावायला घेता?"

"वळचणीपासनं," मी म्हणालो. "वर आढ्याकडं."

"का?"

"वरलं कौल खालच्यावर यायला पायजे. न्हाईतर पाणी आत जातंय."

"मग टेपही तशीच. खालून वर."

आधी कनेक्टर हाताने घट्ट करायचा. त्यावर साध्या काळ्या टेपचा एक थर द्यायचा, म्हणजे पुढे उघडताना पितळ स्वच्छ निघते. मग स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणत ताणत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. तिच्यावर पुन्हा काळी टेप, खालून वर. आणि या टेपचा शेवटचा वेढा अजिबात ताणायचा नाही, नुसता ठेवायचा. ताणून चिकटवलेली टेप उन्हात मागे सरकते, तिचे टोक उचलते आणि पाणी तिथून वाट काढते. भोरला मोबाईलचे दुकान चालवणारे आमचे दीपक एकदा म्हणाले, "बाई, एवढी खटपट कशाला? बाथरूमला लावतात ते सिलिकॉन फासू." बाईंनी त्यांना ती नळी उघडून हुंगायला लावली. आंबट वास आला. "दीपक, तुमच्या आई पितळेच्या भांड्यात ताक ठेवतात का?" "न्हाई. कळकतंय." "मग ह्या पितळाला आंबट कशाला पाजता?"

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या वडिलांची आहे. वडील आज नाहीत, पण त्यांनी स्वतःच ती सगळ्यांना सांगितली होती, म्हणून मला लिहायला हरकत वाटत नाही.

खांब उभा राहिल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, एका दुपारी रेडिओ अचानक गप्प झाला. त्याच दुपारी वेल्ह्याकडच्या रस्त्यावर दरड आली. पलीकडच्या वाडीतली एक बाळंतीण अडली होती. तिला डोलीत घालून माणसे त्याच रस्त्याला लागली. रस्ता बंद आहे हे खाली माहीत होते, पण वर सांगायला आवाज नव्हता. माणसे दरडीपर्यंत गेली, माघारी फिरली आणि दुसऱ्या अंगाने, ओढ्यातून, तिला घेऊन उतरली. देवीच्या कृपेने आई आणि मूल दोघेही वाचले. ते मूल आता मोठे झाले आहे. पण त्या डोलीचे माघारी येणे बाईंच्या मनातून कधी गेले नाही.

पाऊस उघडल्यावर खांब आडवा केला. जोडावरची टेप चिखलासारखी मऊ झाली होती आणि बोटांना लाल रंग लागत होता. शेंदूर. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे तिच्या पाषाणाला, दर वर्षी तेल-शेंदराचा लेप देणाऱ्या माझ्या वडिलांनी, ह्या जोडालाही पाऊस बाधू नये म्हणून, खांब उभा होण्याआधीच कुणाला न सांगता मायेने तोच लेप दिला होता. तेलाने रबर सुजले, टेपची पकड सुटली.

जमलेल्यांपैकी कुणीतरी तापून विचारले, "कुणी केलं हे?" बाईंनी लाल झालेली बोटे पदराआड पुसली. "कुणी केलं ते आपल्या मंडळात विचारायचं नाही. पाणी कुठून शिरलं ते विचारायचं. तेलानं शिरलं. पुढच्या वेळी तेल नको." त्या एवढेच म्हणाल्या.

वडील देवळाच्या दारात उभे होते. संध्याकाळी ते बाईंजवळ गेले. "बाई, शेंदूर म्या लावला व्हता."

"ठाऊक हाय मामा."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी राखण करायला गेलता. राखण करणाऱ्याला बोलायचं असतं व्हय? देवीला तेल सोसतं, माझ्या जोडाला न्हाई सोसत, एवढंच."

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पारावर बसून ही हकीकत सगळ्या वाडीला सांगितली. मनावरचा दगड उतरल्यासारखे ते त्या दिवशी जेवले.

त्या वर्षापासून बाईंनी एक रीत घालून दिली. वैशाखात, घरे शाकारायच्या दिवसांत, खांब आडवा करायचा आणि सगळे जोड उघडायचे. आवाज कितीही स्वच्छ असला तरी उघडायचे. ज्याने गुंडाळला त्याने उघडायचा नाही, दुसऱ्याने उघडायचा. उघडणाऱ्याने आत पाहून एकच शब्द सांगायचा, कोरडा किंवा ओला, आणि मगच तो कनेक्टर इतरांच्या हातात द्यायचा. अँटेनाखालचा मुख्य जोड नेहमी बाई स्वतः गुंडाळत, आणि तोही या रीतीतून त्यांनी कधी सोडवून घेतला नाही. गेली कित्येक वर्षे तो जोड उघडायचे काम माझ्याकडे आहे. दर वर्षी मी "कोरडा" म्हणत असे, आणि बाई मान हलवून पुढच्या कामाला लागत.

गेल्या वैशाखात मी पाते लावून टेप चिरली, कनेक्टर फिरवून सोडवला आणि आत पाहिले. मधल्या पिनेच्या बुडाशी हिरवे होते. जाळीवर ओल होती.

बाई पारावर बसल्या होत्या. शेजारी दीपक वाकून पाहत होते, त्यांनाही ते दिसले. ते माझ्या कानाशी लागले. "शंकरदादा, उपरण्याला पुसा आणि कोरडा म्हणा. वर्षभर आवाज खणखणीत व्हता. बाईंची पंचाहत्तरी आलीया, सत्काराचं ठरतंय. आत्ता कशाला दुखवायचं?"

दीपक मनाने फार चांगले आहेत. बाईंनीच त्यांना वाढवले म्हणा ना. मीही क्षणभर थांबलो. उपरणे खांद्यावर होते, आणि ओल एवढीशीच होती. बाईंच्या हाताला काही महिन्यांपासून कंप होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. हा एक जोड गुंडाळणे ही बाईंची वर्षातली सगळ्यात आवडीची घटका होती, हेही माहीत होते. माझ्या एका शब्दाने ती जाणार होती. समोर गाभाऱ्याचे दार उघडे होते, समई तेवत होती.

"काय झालं, शंकरराव?" बाईंनी विचारले. "बोला की."

"ओला," मी म्हणालो.

बाई उठून आल्या. त्यांनी कनेक्टर हातात घेतला, उजेडाकडे धरून आत पाहिले. मग चिरलेली टेप मागितली आणि तिचे शेवटचे टोक बोटाने चाचपले. ते टोक उचललेले होते, त्याच्या कडेला धूळ बसली होती.

"शेवटचा वेढा ताणलाय," त्या म्हणाल्या. "हात कापतोय ते जाणवू नये म्हणून मी आवळून धरला असणार. तुम्हाला इतकी वर्षं ओरडत आले, ताणू नका, ताणू नका." मग टेप खाली ठेवून म्हणाल्या, "कुणी केलं ते आपण विचारत नाही. पण हे मी सांगते. हा जोड माझा आहे. इथून पुढं ह्या हाताकडे जोड द्यायचा नाही."

दीपकना राहवले नाही. "बाई, एका जोडानं काय व्हतंय?"

"डोली माघारी येतीया, दीपक," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून टेपचे रीळ काढून माझ्या हातात दिले. नवा कनेक्टर लावून झाला. मी गुंडाळू लागलो, खालून वर, आणि बाईंनी आपली दोन बोटे माझ्या मनगटावर ठेवली. ती कापत होती, तरी टेप किती ताणली जाते आहे हे त्यांना त्या बोटांतून कळत होते. जास्त झाले की त्या नुसते दाबत, मी सैल करीत असे. शेवटचा वेढा आला तेव्हा त्यांनी बोटे उचलली. "आता सोडा. नुसता ठेवा."

मी ठेवला. खांब उभा केला. वर पाहताना बाईंचा पदर पुन्हा वाऱ्याने उडाला, आणि त्यांनी तो पहिल्या दिवशीसारखाच एका हाताने धरला.

रोज पूजा करताना मला कधी कधी वाटते, की आपण देवापुढे हात जोडतो तेव्हा आत कोरडे आहे की ओल शिरली आहे हे आपले आपल्याला पाहता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हाती ते पाते द्यावे लागते. बाईंनी ते पाते आपणहून माझ्या हाती दिले, आणि मी सांगितलेले खाली मान न घालता ऐकले. त्यांनी मला गणित शिकवले, रेडिओ शिकवला. पण माझ्या लेखी त्यांचे मोठे शिकवणे हे आहे.

यंदाचा पावसाळा सरला. आवाज एकदाही तुटला नाही. पण आवाज स्वच्छ आहे म्हणजे जोड कोरडा आहे, असे आम्ही आता म्हणत नाही. तो येत्या वैशाखात उघडला जाईल. गुंडाळला मी आहे, त्यामुळे रीतीप्रमाणे मला तो उघडता यायचा नाही. तो बाईंनीच उघडायला हवा. हात कापला तरी हरकत नाही, उघडायला कापरा हात चालतो.

म्हणून वाघजाईपाशी माझे मागणे अगदी साधे आहे. बाईंच्या पायांत ही चढण चढण्याचे बळ राहो, आणि डोळ्यांत एवढ्याशा पितळात डोकावण्याइतका उजेड राहो. येत्या वैशाखात, आणि त्यापुढच्या पुष्कळ वैशाखांत, त्यांनी पारावर बसावे, माझा जोड उघडावा आणि एक शब्द सांगावा. तो कोणता असेल याची मला चिंता नाही. तो त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावा, एवढेच.