शिसं खाणारी मोहरी

आमच्या साइटवरचे किस्से लिहून ठेव, असं मला सगळे सांगतात. पण लिहायला बसले की आधीचा किस्सा संपायच्या आत साइटवरून फोन येतो, आणि तिकडे नवा घडलेला असतो!

साइट म्हणजे शारजातली एक बंद पडलेली फॅक्टरी. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. मालक निघून गेले, शिसं मातीत राहिलं. ती माती साफ करायचं काम सप्रेसरांच्या कंपनीला मिळालं आणि तिथली पर्यावरण इंजिनिअर म्हणून त्यांनी मला नेमलं. काम भारदस्त वाटतं, पण दिवसभर मी एवढंच म्हणत असते, "हात लावू नका!"

*

सप्रेसर मूळचे चिपळूणचे. दुबईत इतकी वर्षं काढली, तरी भूमिपूजनाशिवाय फावडं उचलणार नाहीत. पहिल्याच दिवशी ताट, नारळ, हळदकुंकू घेऊन हजर. वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

मी ओरडले, "सर, बूट काढायचे नाहीत! माती विषारी आहे!"

"अगं, बूट घालून पूजा?"

"देव समजून घेईल सर, इन्स्पेक्टर नाही घेणार!"

शेवटी सेफ्टी बूट, ग्लोव्हज आणि मास्क घालून पूजा झाली. मंत्र मास्कमधून काही कळले नाहीत. नारळ फोडला, तर त्याची दोन्ही भकलं जमिनीवर पडली. सर उचलायला गेले, मी पुन्हा ओरडले.

"प्रसाद टाकून द्यायचा?" सरांचा चेहरा पडला.

टाकूनही देता येईना, कारण नारळाला आता माती लागली होती. तो घातक कचऱ्याच्या पिवळ्या ड्रममध्ये गेला. कचरा नेणाऱ्या कंपनीचा माणूस लेबल वाचून मला म्हणाला, "मॅडम, इस फॅक्टरी में कोकोनट भी बनता था क्या?"

*

असं काम करायचं म्हणजे सगळ्यांच्या रक्तात शिसं किती ते आधी तपासावं लागतं. रिपोर्ट आले. एकाच्याही रक्तात शिसं जास्त नव्हतं, आणि साखर मात्र निम्म्या लोकांची चढलेली! सर्वांत वर सप्रेसर.

"हे घरी कळू द्यायचं नाही हं, ऋजुता," ते हळूच म्हणाले.

घरी कळलंच. सर राहतात त्या दुबईतल्या अल मनखूलमध्ये मराठी घरं इतकी जवळ जवळ आहेत, की लॅबच्या आधी तिथे रिपोर्ट पोचतो. तेव्हापासून सप्रेवहिनींनी चहातली साखर बंद केली, आणि सर बिनचूक रोज साइटवर यायला लागले. कारण गेटबाहेर करक चहा दीड दिरहमला मिळतो, भरपूर गोड!

*

आता मोहरीचं सांगते. मोहरीचं रोप मातीतलं शिसं मुळांनी ओढून पानांत साठवतं. मागच्या आवारात एक वाफा करून बघू, असं मीच क्लायंटला सुचवलं. जमलं तर सगळं मागचं आवार अशा पद्धतीने साफ करायचं काम मला मिळणार होतं. माझं स्वतःचं असं पहिलंच काम! त्या वाफ्यावर माझा भयंकर जीव होता.

पण मोहरी लावायची आणि आजूबाजूला सगळे आपल्याकडचे लोक! आमचा एक्स्कॅव्हेटर चालवणारा नवाझभाई पाकिस्तानातल्या पंजाबचा, मक्याची रोटी आणि मोहरीच्या पानांचं साग यांवर वाढलेला. पहिली पानं फुटली तशी त्याची मान मोडायची वेळ आली. एक्स्कॅव्हेटर डावीकडे, डोळे वाफ्यावर.

"मैडम, साग के लिए एकदम तैयार है."

"नवाझभाई, जहर है वो!"

सप्रेवहिनींनी फोन केला, "एवढी मोहरी आहे, तर वर्षाच्या फोडणीची सोय झाली!" घरी, अल नहदात, माझी मुलगी म्हणाली, "आई, यू डिड इंजिनिअरिंग टु वॉटर प्लँट्स?"

शेवटी मी वैतागून नवाझभाईला म्हणाले, "जिस दिन लैब बोलेगी इसमें सीसा नहीं है, उस दिन मैं खुद अपने हाथ से साग बनाके लाऊँगी!" शिसं ओढायलाच लावलेलं रोप, त्यात शिसं नसेल कसं? मी बिनधास्त होते.

*

तरी कोणी पानं तोडू नये म्हणून मी पाटी लावली. कवटीचं चित्र आणि खाली चार भाषांत "विष आहे, खाऊ नका". सप्रेसर पाटी बघून जाम खूश.

"छान डोकं लढवलंस! आमच्या गावी काकासुद्धा वालाच्या शेताला 'औषध मारलंय' अशी पाटी लावायचे. एक दाणा चोरीला जायचा नाही!"

"सर, इथे खरंच विष आहे."

"हो, हो. काकाही असंच म्हणायचे," सरांनी डोळा मारला.

*

पुढे रोपं पिवळी पडली. शिसं पचवणं सोपं नसतं, हे मी सरांना समजावलं. पण त्यांना पालिकेच्या इन्स्पेक्टरची भीती. मरतुकडी रोपं बघून त्याने प्रयोगच बंद केला तर? तेवढ्यात शाळांना थंडीची सुट्टी लागली आणि मी मुलीला घेऊन सांगलीला गेले.

परत येऊन बघते तो वाफा हिरवागार! गुडघ्यापर्यंत मोहरी! इन्स्पेक्टर "माशाल्ला" म्हणाला आणि त्याने रोपांबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. सर म्हणाले, "झाडांशी प्रेमाने बोलावं लागतं गं." मला इतका आनंद झाला, की मी दोघांना करक पाजला.

मग एक दिवस साइट ऑफिसात बसलो असताना लॅबचा फोन आला. मॅनेजर मल्याळी. "मॅडम, पत्ते में लेड नहीं है. मिट्टी में भी नहीं. बहुत अच्छा मिट्टी है, किधर से मिला? वाइफ को बाल्कनी के लिए चाहिए."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते.

"अगं, फार मलूल दिसत होती गं. जुनी माती नीट ड्रममध्ये भरली हं, तुझ्या नियमाप्रमाणे! मग नर्सरीतून खतमाती आणली, नवीन बी पेरलं. नवाझनेच वाफा खणून दिला."

"सर, उद्या क्लायंटला मी काय सांगू?" मला रडू यायच्या बेतात होतं.

"काय म्हणजे? माती साफ करायची होती ना? झाली की!"

दारात नवाझभाई उभा होता. मास्क हनुवटीखाली, चेहऱ्यावर ईद. त्याने मक्याच्या पिठाची पाच किलोची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

"मैडम, आपने जुबान दी थी."