चुकायच्या त्या गाड्या

तात्यांनी आयुष्यात कधी चूक केली नाही. चुकायच्या त्या गाड्या. आमच्या चिखलीच्या सोसायटीत कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की रविवारी सकाळी तात्या पार्किंगमध्ये हजर. गळ्यात मफलर, हातात बिस्किटांचा जुना डबा. त्यात पॉलिश पेपर, चिकटपट्टी, चिंध्या आणि रंगाच्या बाटल्या. जागेवर आणि फुकट, कंपनीसारखा रंग लावून देणार. फुकट म्हटल्यावर आमचे लोक स्वतःचं नाकही रंगवून घेतील! गाड्या रांगेनं लागायच्या आणि आठवडाभरात त्यांच्या अंगावर ठिगळं दिसायची.

तात्या मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे. जमीन गाड्यांच्या कंपनीत गेली, बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती यांना, पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या खात्यात. "माझ्या भुईमुगाच्या वावरातच पेंट शॉप हाय," हे ते अशा थाटात सांगायचे, जणू शेंगांऐवजी गाड्या त्यांनीच पेरल्या होत्या. वीस वर्षं ट्यूबलाइटच्या झगझगाटात उभं राहून त्यांनी बाहेर पडणारी गाडी न् गाडी तपासली. केसाएवढा फरक पकडायचे म्हणे. म्हणे हं! निवृत्त झाल्यावर ती नजर आमच्यावर सुटली. एकदा लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, साडीपरीस ब्लाउज दोन शेड खाली हाय." त्यानंतर चार दिवस मी जिन्यानं ये-जा केली.

कामाची पद्धत ठरलेली. गाडीचं दार उघडायचं, आतल्या स्टिकरवरचा रंगाचा कोड वहीत उतरवायचा आणि पिंपरीच्या बाजारातून त्या कोडाचा रंग बनवून आणायचा. गाडीकडे बघायचंच नाही. आता आठ-आठ वर्षं उन्हात उभी असलेली गाडी कारखान्यातून निघाली तशी राहील का? राव, माणसं राहत नाहीत. पण तात्या रंग जुळवायचे तो गाडीच्या पहिल्या दिवसाशी. कुणी म्हटलं, "तात्या, वेगळा दिसतोय," की लगेच, "वाळू द्या." वाळल्यावर म्हटलं तर, "सावलीत बघा." सावलीतही तेच दिसलं तर शेवटचं उत्तर तयार असायचं, "रंग बराबर हाय. तुमची गाडी उतरलीया."

मी गाडी शिकले बेचाळिसाव्या वर्षी. त्याच सुमाराला मला चाकणला नोकरी लागली होती. तिथं जायला दोन बस बदलायच्या आणि पुढं शेअर रिक्षात कुणाच्या तरी मांडीवर बसायचं. नवऱ्यानं किल्ली दिली, पण उपकार केल्यासारखी. "तुझ्यानं व्हायचं नाही हे. एक ओरखडा दिसला की किल्ली परत," असं बजावून तो कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेला. तिसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी डावीकडचं मागचं दार पार्किंगच्या खांबाला घासलं. नवरा रविवारी येणार होता. किल्ली गेली तर पुन्हा त्या बस आणि वर जन्मभर "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकायचं. मी नाक मुठीत धरून तात्यांकडे गेले आणि किल्लीचं सगळं सांगितलं.

त्यांनी तीन तास घेतले. बाटली शंभर वेळा हलवली, तीही मोजून. काडीच्या टोकावर रंग घेऊन ठिपका ठिपका लावत होते. आमची लाल गाडी उन्हानं विटकरी झालेली, आणि यांचा रंग टिकलीसारखा लालभडक. मी हात जोडले. "तात्या, थोडा फिका करा हो!" दुधात पाणी घालायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. "कंपनीचा रंग फिका करू? मी?" अस्सा राग आला होता ना मला! काय काय बोलले मी त्या माणसाला. ते शांतपणे फुंकर मारत बसले.

रविवारी नवरा बॅग घेऊन गेटातून आत आला आणि तिथूनच त्याला ते दार दिसलं. "हे काय झालं?" तेवढ्यात शेजारच्या गाडीमागून तात्या उठले.

"माझी सायकल घासली तुमच्या गाडीला," ते म्हणाले. "वर रंग लावला, त्योबी जुळला न्हाई. चूक माझी हाय."

चूक माझी! हे शब्द त्या तोंडून! सगळं पार्किंग बघत राहिलं. नवऱ्यानं त्यांना चारचौघांत झाडलं, "दिसत नाही तर हे उद्योग कशाला करता या वयात?" तात्या खाली मान घालून डबा आवरत होते. आणि मी? किल्ली पर्समध्ये होती, ती पर्स पोटाशी धरून मी गप्प उभी राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर त्यांना कुणी गाडी दिली नाही. दोन-तीन रविवार डबा मांडीवर घेऊन बसले, मग तेही बंद झालं. दिवाळीनंतर ते लेकीकडे तळेगावला राहायला गेले. मी मात्र रोज ऐटीत चाकणला जात होते. नवऱ्याला खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. ऐकून तो खाली पार्किंगमध्ये जाऊन ते दार बघून आला. मग म्हणाला, "त्यांना भेटून ये. मला तोंड नाही."

गेल्या महिन्यात मी एकटीच गाडी घेऊन तळेगावला गेले. तात्या वाळले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला तयार नाहीत, असं लेक दारातच हळू आवाजात म्हणाली. मी त्यांच्या पाया पडले. "तात्या, त्यांना सगळं सांगितलं मी."

"कशाला? किल्ली काढून घेतली का?"

"नाही."

"मग झालं तर. चल, दार दाखव."

गाडीपाशी येऊन ते उजवीकडच्या पुढच्या दाराशी वाकले. तिथं काहीच नव्हतं. तो डाग पलीकडच्या बाजूला, होता तस्सा लालभडक. मान तिरकी करून त्यांनी बराच वेळ पाहिलं, पत्र्यावरून तळवा फिरवला.

"कुठाय? दिसतच न्हाई. जुळला म्हणायचा की!"

"जुळला, तात्या. तंतोतंत."

ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"मग तवा येवढी बोंबलत का व्हतीस?"