चूक शोधणारे साळवे सर

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या छोट्या इस्पितळात डॉ. भगवान साळवे अपघात विभाग सांभाळायचे आणि मी एक्स-रे काढायचो. ऐंशीनंतरचा काळ. अपघात विभागात राहावं असं कुठल्याच डॉक्टरला वाटत नसे. पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेपर्यंत पोरं इथे बसायची, एसटी स्टँडवर बसतात तशी, आणि मिळाला की पसार. माझं डोकं फिरायचं. साळवे सर मात्र नव्या आलेल्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घ्यायचे.

त्यांची एकच पद्धत होती. पेशंट दगावला की त्या डॉक्टरला समोर बसवायचं, चहा मागवायचा आणि पेशंट दारातून आला तिथपासून सगळं सांगायला लावायचं. मध्येच थांबवून म्हणायचे, "इथं चुकलं." आवाज कधी चढवला नाही, पण रडवलं सगळ्यांना. ती चूक मात्र पुन्हा होत नसे.

डॉ. नंदिनी ही एकटीच, जिने मिळालेला प्रवेश सोडला. "सर, मी इथेच राहते," म्हणाली. सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. आपल्यामागे कोणीतरी मिळालं म्हणून त्यांनी सगळ्यांना भजी खायला घातली. सरांनी स्वतःहून खिशात हात घातलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्याच उन्हाळ्यात गोटीराम भोईर आला. महाप्याजवळच्या गावचा. जमीन गेली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या रसायनाच्या कारखान्यात तो ठेकेदाराचा कामगार झाला. पाइप फुटून वायू छातीत गेला होता. मुकादमाने रीतीप्रमाणे गूळ खायला घातला, वर दूध पाजलं. आमच्या पट्ट्यात वायूवर हेच औषध. खोकला थांबला होता. बायकोच्या हट्टाने तो चालत आला.

"मना काय नाय झालाय. मी बरा हाय," तो म्हणाला. "संध्याकालच्या पालीला नाय गेलो त मुकादम दुसरा मानूस घेल."

नंदिनीने त्याला सोडलं नाही. असा वायू आधी माणसाला बरं वाटू देतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं, हे सरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तिने त्याला झोपवलं, ऑक्सिजन लावला, बायकोला समजावलं, मुकादमाला फोनवर झापलं, दाराशी आयाला बसवलं. तेवढ्यात उलटलेल्या टेम्पोतले जखमी आले. सर त्या दिवशी रजेवर, डॉक्टर ती एकटी. आयाही स्ट्रेचर धरायला धावली. गोटीराम नळी काढून मागच्या दाराने पाळीवर गेला. त्याला परत आणलं तेव्हा अंगात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी चहा मागवला. मी फिल्म द्यायला गेलो होतो, तिथेच थांबलो. नंदिनीने सगळं सांगितलं. सरांनी एकदाही थांबवलं नाही.

"सर, कुठे चुकलं?"

"कुठंच नाही, नंदिनी."

"नीट बघा ना. काहीतरी असेल."

"असतं तर सांगितलं असतं."

"चूक असती तर सुधारली असती," ती म्हणाली. "आता काय सुधारू?"

सरांनी एखादी खोटी चूक काढून दिली असती तर पोरगी थांबली असती. तिने राजीनामा दिला तेव्हा मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. "मग पुढच्या पेशंटला ती खोटीच चूक सुधारत बसली असती," एवढंच म्हणाले. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

महिनाभरात नंदिनी पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. सर निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर प्रवेशाची वाट बघणारा एक मुलगा आला. पुढच्या वर्षी वायू लागलेला आणखी एक कामगार चालत आला. त्या मुलाने त्याला गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि तो घरी मेला.

मी वाशीला सरांच्या घरी जाऊन सांगितलं. ऐकता ऐकता ते उठले आणि खुंटीवरचा शर्ट घालू लागले.

"कुठे निघालात?"

"त्या पोराला समोर बसवायला पाहिजे."

"सर, त्याला प्रवेश मिळाला. तो सकाळीच गेला."

सरांनी शर्ट काढून परत खुंटीला लावला.