दह्याचा हात

सासूबाई दुखरे गुडघे कसेबसे दुमडून फरशीवर बसल्या आहेत. तळहातावर दही घेऊन त्यांनी हात दिवाणाखाली धरला आहे. आत, भिंतीला चिकटून आमची कुत्री चिंगी थरथरते आहे.

तिला कुणीतरी गाडीतून आणून घाटात सोडून दिलं होतं. आम्ही तिला घरी आणलं, पण गाडी दिसली की तिचे पाय लटपटायचे. मग रोज थोडा वेळ तिला बंद गाडीत नुसतं बसवायचं ठरलं. घरातलं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की सासूबाई हातावर दही घालतात, तसं त्या चिंगीलाही घालू लागल्या. दही म्हणजे तिचा जीव की प्राण. ती हात चाटूनपुसून घ्यायची आणि मग आम्ही तिला उचलून गाडीत ठेवायचो.

गाडीची भीती गेली नाहीच, वर दह्याचीही बसली. आज जेवताना मी दह्याचं भांडं नुसतं उघडलं, तर ती माझ्या पायाशी होती ती उठून पळाली. आपल्या मायेला भीतीचा वास कधी लागला, हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

"ये गं बाई," सासूबाई पुन्हा पुन्हा म्हणताहेत, "आज गाडी नाही. नुसतं खा."

हातावरचं दही सुकत चाललंय. चिंगी त्या हाताकडे बघतेय, हलत नाही. घाटात सोडायला नेताना त्या माणसानंही तिला असंच, लाडानं बोलावलं असेल.