बाई दमली कुठं?

नकाशा कितीही मोठा असो, शिगवणकाका त्याच्यावर वाकायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "सगळं झकास आहे. पण बाई दमली कुठं?" मी ऑफिसात नवी होते. मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. मान वर न करता मी म्हटलं, "कुठली बाई?" काका म्हणाले, "तीच तर तू काढली नाहीस."

आमच्याकडे एका अहवालाचं काम होतं. मुंबईहून अतिवेगवान गाडी धावायची झाली तर तिचं स्टेशन आणि विमानतळ एकमेकांना जोडायचे कसे, एवढाच आमचा भाग. दोन हजारनंतरची ती वर्षं. गाडीचा पत्ता नव्हता, रुळांचा नव्हता, पण आमच्या टेबलांवर ती रोज वेळेवर येत होती. काका रेल्वेतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. जुने नकाशे वाचता येतात म्हणून त्यांना कंत्राटावर घेतलं होतं. आम्ही सगळे कॉम्प्युटरवर काढायचो, ते ट्रेसिंग पेपरवर. साहेब त्यांना 'आमचं म्युझियम' म्हणायचे. काका हसायचे आणि पेनची निब पुसत बसायचे.

ती बाई मला एका रविवारी सकाळी भेटली. काका आणि मी दोघंही मीरा रोडचे, नया नगरात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणारे. बाजारातून परतताना काकू पुढे चालल्या होत्या, दोन्ही हातांत भाजीच्या गच्च पिशव्या. चार पावलं मागे रिकाम्या हातांनी काका, ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटलं नामस्मरण चाललंय. ते काकूंची पावलं मोजत होते. एकशे तीस झाली आणि काकू एका टेलरच्या पायरीवर टेकल्या. टेलरला सवयीचं असावं. मशीन न थांबवता तो म्हणाला, "आओ चाची, बैठो."

"काका, एक पिशवी तरी घ्या की," मी म्हटलं.

"विमानाला जाणारी बाई रिकाम्या हातानं जाते काय? आणि माझं गणित चुकेल."

काकू गुडघा चोळत म्हणाल्या, "रेल्वेची नोकरी ह्यांची, हमाली माझी." पण बोलताना त्या हसत होत्या.

काका म्हणायचे, "रूळ कोणीपण टाकील गो. खरं काम सांध्याचं. रुळाचा काय नि गुडघ्याचा काय, दुखतं ते तिथंच."

दुपारी डबा खाऊन झाला की ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे. ट्रेसिंग पेपरवर खिडकीतलं ऊन पडलेलं असायचं, आणि काका हळू आवाजात बोलायला लागायचे, "गाडी थांबली. दार उघडलं. थंड वारा आला बघ. समोर कोण तरी काच पुसतोय. चहाचा वास डावीकडून येतोय, म्हणजे आपण उजवीकडे वळायचं." आधी मला हसू यायचं. मग मीही डोळे मिटायला लागले. ज्या स्टेशनाची एक वीट रचलेली नव्हती, त्याच्या फरशीवर मी कितीतरी दुपारी चालले आहे. त्या फरशीवर पाणी शिंपडल्यासारखा उजेड असायचा आणि विमानांचा आवाज लांबून, झोपेत ऐकू यावा तसा यायचा. काका स्वतः कधी विमानात बसले नव्हते. लेक बंगळूरला दिलेली. "काकूला घेऊन एकदा जाणार, असंच, गाडीतून उतरून विमानात," म्हणायचे.

अहवालात दोन पर्याय होते. एकात स्टेशन विमानतळाच्या पोटातच, गाडीतून उतरून शंभर पावलांत आत. दुसऱ्यात स्टेशन हायवेपलीकडे आणि मधे चारशे पावलांचा पूल. काकांचा जीव पहिल्यात अडकला होता. बैठकीत दुसरा ठरला, कारण पहिला खर्चाचा होता. ड्राफ्ट्समनला तिथं कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी काकांनी पुलाचा कागद पुढ्यात घेतला आणि एकशे तीस, दोनशे साठ, तीनशे नव्वद अशा पावलांवर तीन बाकडी काढली. "एवढी राहू देत. बाकी काय मागत नाय मी," मला म्हणाले. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

साहेबांच्या नजरेतून ती सुटली नाहीत. "या स्केलला बाकडी दाखवतात का? काढून टाक," ते म्हणाले. काका रजेवर होते. मी वाद घालू शकले असते. नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून घातला नाही. तिन्ही बाकडी निवडली आणि एक बटण दाबलं.

सोमवारी काका माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"खोडलीस?"

"हो, काका."

"मी ब्लेडनं शाई खरवडतो ना, तर कागदावर पांढरी खूण राहते. तुझ्या मशीनवर तेवढीपण राहात नाय?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि दुपारी नेहमीसारखं अर्धं घावन माझ्या डब्याच्या झाकणात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

अहवाल कपाटात गेला, काकांचं कंत्राट संपलं. पुढच्या वर्षी एका दुपारी ते घरी खुर्चीतच, डोळे मिटलेले असताना गेले. ते कुठल्या फलाटावर होते हे फक्त मला ठाऊक होतं, असं मी स्वतःला समजावलं.

लेकीकडे जाण्यासाठी काकू पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. मला बंगळूरला काम निघालं होतं, म्हणून मी सोबत. व्हीलचेअर त्यांनी साफ नाकारली. विमानतळाच्या आत गेल्यावर लांबलचक मोकळा रस्ता लागला. खुर्च्या सगळ्या पार पुढे, गेटापाशी. काकू चालायला लागल्या, आणि मी चार पावलं मागे राहून नकळत मोजत होते. एकशे तीसला त्या थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं.

"ह्यांचं स्टेशन ते हे नव्हे, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटपर्यंत सांगायचे, साहेबानं सगळं बदललं, पण बाकडी पोरीनं ठेवली हो."

मी बॅग आडवी केली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी माझा हात धरून ठेवला होता आणि गुडघा चोळत त्या काचेबाहेरची विमानं बघत होत्या.